७५ वॅटची हद्द

ग्राफिक कार्ड घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘किती जीबीचं पाहिजे?’ घेणाराही तोच आकडा पाठ करून गेलेला असतो. चिंचपाड्यासारख्या गावात हा प्रश्न तिसरा यायला हवा. पहिला प्रश्न कॅबिनेटच्या मागे जाळीआड बसलेल्या एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा. दुसरा, त्या एसएमपीएसला भिंतीतून जी वीज मिळते तिचा. या दोन्हींचं उत्तर घरातच असतं, दुकानात मिळत नाही.

चिंचपाडा नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर. बाहेरच्यांना गाव ठाऊक असतं ते मिशनच्या दवाखान्यामुळे. या भागात घरच्या कॉम्प्युटरला कार्ड लागतं ते बहुतेक वेळा लग्नाच्या व्हिडिओसाठी. दिवसभराचं शूटिंग, ड्रोनचे तुकडे, डीजेपुढचा तासन्‌तास नाच, आणि वरपक्षाला पेनड्राइव्ह आठवड्याच्या आत हवा. त्याशिवाय आदिवासी गाण्यांचे व्हिडिओ बनवणारी पोरं आहेत, फ्लेक्सचं डिझाइन करणारे आहेत. गेम खेळणारेही आहेतच, फक्त वडिलांकडे पैसे मागताना गेमचं नाव कोणी काढत नाही. कार्ड ‘अभ्यासाला’ लागतं.

खरेदीला नवापूर आणि नंदुरबार जवळ, पण माल समोर मांडलेला बघायचा तर माणूस सुरतची गाडी पकडतो. वाटेतलं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तरांची खोली तिकडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून कार्डावरचा कर हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच, १८ टक्के. त्यामुळे सुरतेत स्वस्त मिळेल ही जुनी समजूत आता फक्त दुकानदारांच्या आपसातल्या स्पर्धेवर टिकून आहे. ऑनलाइन मागवणाऱ्याने पिनकोड मात्र दोनदा तपासावा. चिंचपाडा ऐरोलीतही आहे आणि कल्याणलाही.

कार्ड नेमकं करतं काय, हे एकदा आकड्यांत बघण्यासारखं आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब सोपा असतो आणि बराचसा शेजारच्या ठिपक्यावर अवलंबून नसतो. प्रोसेसरमध्ये मोजके पण हुशार कोअर असतात. कार्डात साधे, पण हजारोंनी. १९९९ मध्ये एनव्हीडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड आणलं आणि ‘जीपीयू’ हे नाव रूढ केलं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की हा फौजफाटा फक्त चित्रांसाठीच वापरायला हवा असं नाही. याचं आपल्या राज्यातलं मोठं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदला आहे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. दुर्बीण सुधारली तेव्हा त्या तबकड्यांकडून येणारे रेडिओ संकेत एकमेकांशी पडताळण्याचं काम ग्राफिक कार्डांच्या जातीच्याच जीपीयूंवर सोपवलं गेलं. एकच साधी आकडेमोड कोट्यवधी वेळा, सगळीकडे एकदम करायची असेल तर समोर आकाशगंगा आहे की हळदीचा व्हिडिओ, याच्याशी कार्डाला देणंघेणं नसतं.

मात्र तुमचं काम अडतंय ते नक्की कार्डावाचूनच का, हे आधी बघा. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा आणि टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला असेल तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. रॅम भरलेली असेल तर रॅम घाला. दोन्ही कामं कार्डाच्या मानाने स्वस्तात होतात, आणि पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. सॉफ्टवेअरप्रमाणेही फरक पडतो. डाविंची रिझॉल्व्ह कार्डावर फार विसंबतं, प्रीमिअर त्या मानाने कमी.

आता ७५ वॅटकडे येऊ. मदरबोर्डवर जो लांब स्लॉट असतो, पीसीआय एक्स्प्रेसचा, तो कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टच्या वाटेने, उरलेले ३.३ व्होल्टच्या. यापेक्षा जास्त भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते. सहा पिनांची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. ही हद्द कागदावरची नाही. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० बाजारात आलं. सहा पिनांची केबल लावूनही ते स्लॉटमधून ७५ वॅटपेक्षा जास्त ओढतं हे परीक्षकांनी मोजून दाखवलं, आणि कंपनीला नवा ड्रायव्हर काढून ते आवरावं लागलं. दुसऱ्या टोकाला ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९०. २०२२ च्या अखेरीस त्याचे पॉवर कनेक्टर वितळल्याचे फोटो जगभर फिरले. त्या वाटेला आपण जायला नको.

चिंचपाड्यातल्या घरासाठी माझं मत सरळ आहे: ७५ वॅटच्या आत राहा. एसएमपीएस बदलावा लागत नाही, यूपीएस बदलावा लागत नाही, खोली तापत नाही. पण या हद्दीच्या आतही खड्डे आहेत, आणि ते नावांचे आहेत.

जीटी १०३० घ्या. २०१७ मध्ये आलेल्या कार्डाला जीडीडीआर५ मेमरी होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ सुद्धा नाही. खोक्यावर नाव तेच, मोठ्या अक्षरात ‘२ जीबी’ही तेच. शिवाय दोन्हींत व्हिडिओ एक्स्पोर्ट करणारा एन्कोडरच नाही, म्हणजे लग्नाच्या कामाला दोन्ही निरुपयोगी. एएमडीचं आरएक्स ६४०० छोटं आणि काटकसरी आहे, ५३ वॅटमध्ये भागवतं. पण एन्कोडर त्यातही नाही, आणि स्लॉटच्या सोळांपैकी चारच वाटा ते वापरतं, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर मंदावतं. इंटेलचं आर्क ए३८० एन्कोडिंगला फार चांगलं, ७५ वॅटचं. मात्र त्याला रिसायझेबल बार नावाची सोय असलेला नवा बोर्ड लागतो, नाहीतर बरीचशी ताकद वाया जाते.

राहतात दोन. २०१९ चं जीटीएक्स १६५०, ७५ वॅटचं, ४ जीबीचं. एचडी कामाला ते आजही पुरतं. काही मॉडेलांना सहा पिनांची केबल लागते, तेवढं बघून घ्या. दुसरं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप, ७० वॅटचं. यातही नावाची मेख आहेच. २०२२ चं ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० वेगळं, त्यातले कोअर जास्त, भूक १३० वॅट आणि वेगळी केबल अनिवार्य. दुकानात ‘३०५० द्या’ म्हणून चालत नाही. इथे मात्र जीबीचा प्रश्न कामाचा ठरतो: ६ म्हणजे केबलशिवाय, ८ म्हणजे केबलसकट. फोरके शूटिंगवर रंगकाम करणाऱ्याला ४ जीबी तोकडे पडतात, ६ मध्ये निभतं.

ज्यांना हद्द ओलांडायचीच आहे त्यांनी आधी एसएमपीएसचं लेबल वाचावं. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त डब्यावर ठळक अक्षरात ‘४५०’ छापलेलं असतं. त्याच्या खाली बारीक तक्ता असतो, आणि वाचायचा तो तक्ता. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. समजा तिथे १८ आहे. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर, कार्ड आणि पंखे मुख्यतः यावरच, म्हणजे पिवळ्या वायरींवर चालतात. बाकीची बेरीज ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यातली; तिचा कार्डाला उपयोग नाही. ‘भाऊ, कन्व्हर्टर लावून देतो’ असं कोणी म्हणालं आणि हार्डडिस्कच्या वायरीतून आठ पिनांची केबल काढून दिली, तर ती नम्रपणे परत करा. त्या बारीक वायरी १५० वॅटसाठी नसतात.

गावाकडे आणखी एक गोष्ट फार दिसते: कंपन्यांतून निघालेले, ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जाणारे डेल, एचपी, लेनोव्होचे डेस्कटॉप. मशीन मजबूत, किंमत कमी. पण बारक्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस अडीचशे वॅटच्या आसपासचा, आणि बऱ्याच मॉडेलांत त्याचं मदरबोर्डला जाणारं कनेक्टर कंपनीचं खास, त्यामुळे बाजारातला दुसरा बसत नाही. कार्डही अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाइल लागतं. कार्डाबरोबर छोटी पट्टी आली आहे का हे दुकानातच खोकं उघडून बघा; मोठी पट्टी लावलेलं कार्ड त्या कॅबिनेटमध्ये जातच नाही.

जुनं कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग संपवलं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जगभर विक्रीला आली. त्यांचे पंखे हाताने फिरवून बघा. खरखर असेल तर सोडून द्या. त्याहून वाईट जात म्हणजे खोटी कार्डं. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या कार्डाची आतली ओळख बदलून ते ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून खपवलं जातं, विंडोजही तेच नाव दाखवतं. ओळखायची एक सोपी खूण आहे: मागे निळं व्हीजीए पोर्ट असेल तर १०५० टीआय ते नव्हेच, कारण एनव्हीडियाने त्या पिढीपासून व्हीजीए बंद केलं. दुसरी खूण जीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये; २०१८ पासून ते अशी खोटी कार्डं ओळखून दाखवतं. आणि खरं १०५० टीआय मिळालं तरी, त्या पिढीला नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणार नाहीत असं कंपनीने सांगितलं आहे. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत.

व्हीजीए गेल्याचा फटका वेगळ्या जागी बसतो. घरचा मॉनिटर जुना, फक्त निळ्या केबलचा, आणि कार्डावर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट. मग ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. तो कार्डाबरोबरच घ्या, नाहीतर कार्ड बसवून झाल्यावर नवापूरची एक खेप ठरलेली.

बसवण्याआधी ड्रायव्हर उतरवून ठेवा. फाइल पाऊण जीबीच्या आसपास असते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तिला वेळ लागतो. मग मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेटचं झाकण अंगणात उघडा. धूळ निघतेच, कधी पालीची अंडी निघतात, आणि उंदराने वायर कुरतडलेली असेल तर तीही आत्ताच दिसते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातला स्थिर भार घालवा. मागची पट्टी स्क्रू काढून सोडवा. स्लॉटच्या टोकाला एक प्लॅस्टिकचा खटका असतो, तो बाजूला करा. कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ खाली दाबा. मदरबोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो आणि माणूस तिथेच घाबरून थांबतो. कार्ड अर्धवट बसतं ते याच क्षणी. खटका ‘टक्’ करून आपोआप बंद होईपर्यंत दाब सोडायचा नाही. मग स्क्रू, लागत असेल तर केबल, आणि मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टला. ही वायर सवयीने मदरबोर्डच्या जुन्या पोर्टला लावून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

राहिला भिंतीतल्या विजेचा प्रश्न. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात बहुधा ३६० वॅट लिहिलेलं असतं, आणि त्यात मॉनिटरही आला. ७० वॅटचं कार्ड त्यात सहज मावतं. १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० लावून एक्स्पोर्टच्या मधोमध लाइट गेली तर तो यूपीएस क्वचितच तग धरतो. अर्थिंग मात्र दोन्हींना सारखीच लागते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्ड आणण्याआधी वायरमनला बोलवा.

तापमानाची परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. पारा चाळिशीपार आणि वर पत्रे असतील तर कॅबिनेटमधली हवा आधीच गरम असते. कार्ड ८३ अंशांच्या आसपास आपला वेग स्वतःच कमी करू लागतं. जळत नाही, पण दोन तासांचं काम तीन तासांवर जातं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, टेबलाखालच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, आणि लग्नसराई सुरू होण्याआधी एकदा ब्लोअर मारा. खोकं, बिल आणि सिरीयल नंबरचं स्टिकर सांभाळून ठेवा. कंपन्या बहुधा ३ वर्षांची वॉरंटी देतात, पण कार्ड दुरुस्तीला पाठवायचं झालं तर पहिल्यांदा हीच तीन मागितली जातात, आणि सुरतेत घेतलेलं कार्ड पोचवायला पुन्हा तीच गाडी पकडावी लागते.