शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब

हृदयात यांत्रिक झडप बसविली की मूल बरे झाले, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः दीर्घ उपचार तेथूनच सुरू होतो. परक्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात ओढवतो. म्हणून अशा मुलास वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते.

‘रक्त पातळ करणारे औषध’ हे तिचे रूढ नाव फसवे आहे. रक्त पातळ होत नाही; त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. रक्त गोठविणारे काही घटक यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने बनविते. त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर वॉरफरिन रोखते. हेच द्रव्य अमेरिकेत १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ साली माणसांसाठी मान्य झाले. विष आणि औषध यांत अंतर असते ते मात्रेचेच!

मुलांत ही मात्रा सांभाळणे अधिकच अवघड. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. तान्ह्या मुलास वजनाच्या मानाने मोठ्या माणसाहून जास्त औषध लागते आणि वाढीबरोबर मात्रा बदलत जाते. पालकासारख्या हिरव्या भाज्या, जुलाब, प्रतिजैविके यांमुळेही परिणाम कमीअधिक होतो. म्हणून वारंवार ‘आयएनआर’ तपासावा लागतो. निरोगी माणसात सुमारे १ असणारा हा आकडा मिट्रल झडप बदललेल्यांत साधारणतः २.५ ते ३.५ ठेवतात. खाली गेला तर गुठळीचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे.

नियमित तपासणी न लागणारी नवी औषधे २०२१ साली अमेरिकेत मुलांसाठी मान्य झाली; परंतु यांत्रिक झडपेसाठी ती उपयोगाची नाहीत. डाबिगॅट्रानची तशी प्रौढांवरील चाचणी २०१२ साली थांबवावी लागली होती.

गोळी स्वस्त आहे. महाग आहे तो तपासणीचा फेरा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने शाळकरी मुलांतील हृदयदोष शोधून शस्त्रक्रियेची वाट मोकळी केली. हा झाला भांडवली खर्च. एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि शाळेचा खाडा हा चालू खर्च मात्र पालकांच्याच माथी राहतो. तो झेपेनासा झाला की फेऱ्या चुकतात. बंधारा बांधावा आणि डागडुजीस पैसा ठेवू नये, तशातलाच हा प्रकार.

बोटातील थेंबभर रक्तावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे आज उपलब्ध आहेत. ती ग्रामीण रुग्णालयांत पोहोचली पाहिजेत. शिक्षकांनीही एवढे जाणावे, की अशा विद्यार्थ्यास डोकेदुखीवर ॲस्पिरिन परस्पर देऊ नये आणि खेळताना डोक्यास मार लागल्यास रुग्णालयात नेण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. झडपेवर झालेला खर्च सार्थकी लागतो तो अशा रोजच्या जपणुकीने.