लॅपटॉप घेताय? आधी अण्णांना विचारा!

मित्रांनो, सेकंड इयरला आलो आणि घरी विषय काढला, "अण्णा, लॅपटॉप घ्यायचाय." अण्णा म्हणजे माझे वडील. साक्रीजवळ आमचा मळा आहे. कांदा आणि थोडी डाळिंबाची बाग. कांद्याचे पैसे नुकतेच हातात आले होते, त्यातून साठ हजार माझ्यासाठी निघणार होते. पाठोपाठ बहिणीची फी होतीच. म्हणजे चुकायची सोय नव्हती. एकदा घेतला की डिग्री हातात येईपर्यंत तोच!

इकडे हॉस्टेलवर दोन पार्ट्या. एक म्हणते, "हलका घे, दप्तरात टाकला की विसरलास." दुसरी म्हणते, "इंजिनिअर ना तू? ग्राफिक्स कार्डवाला घे, नाहीतर फायनल इयरला रडशील." दोघांचं ऐकून डोकं गरगरलं. अण्णांनी मात्र एकच विचारलं, "तुले कसाले लागस ते आधी सांग."

हा प्रश्न मला दुकानात कोणीच विचारला नव्हता. म्हणून जरा मुळापासून बघू.

फरक नेमका कशाचा?

हलक्या लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण १५ वॅटचा धरून बनवलेला असतो, दणकट लॅपटॉपमधला ४५ वॅटचा. त्यावर ग्राफिक्स कार्डाचे वॅट वेगळे. जितके वॅट तितकी उष्णता, आणि ती बाहेर काढायला मोठे पंखे, जाड तांब्याच्या नळ्या आणि मोठा अडॅप्टर लागतो. वजन येतं ते इथून. हलका मिळतो सव्वा ते दीड किलोत. दणकट सव्वादोन ते अडीच किलोचा, आणि त्याची 'वीट' म्हणजे चार्जर, तो आणखी अर्धा-पाऊण किलोचा. जाहिरातीत चार्जरचं वजन सांगत नाहीत, हे लक्षात ठेवा.

२००८ साली स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हा सगळे थक्क झाले. वजन १.३६ किलो. पण त्यासाठी सीडी ड्राइव्ह काढून टाकला होता आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केली होती. बारीक होण्याची किंमत तेव्हाही होती, आजही आहे. आजच्या बऱ्याच हलक्या मॉडेलांत रॅम नंतर वाढवता येत नाही. तेव्हा घेतानाच १६ जीबी घ्या. ८ जीबीवर ब्राउझर, मॅटलॅब आणि ऑटोकॅड एकत्र उघडून बघा, कळेल!

बॅटरीचं गणित

बॅटरीवर 'वॅट-अवर' लिहिलेलं असतं. हलका लॅपटॉप टायपिंग, पीडीएफ, कोडिंग अशा कामाला आठ-दहा वॅट खातो. बॅटरी ५० वॅट-अवरची असेल तर ५० भागिले १०, म्हणजे पाच तास. दणकट लॅपटॉप त्याच कामाला वीसेक वॅट खाऊ शकतो. बॅटरी ६० ची असली तरी तीन तासांत खेळ खलास. आणि ग्राफिक्स कार्ड बॅटरीवर पूर्ण ताकदीने चालतच नाही, वीट लावावीच लागते. म्हणजे ज्या ताकदीसाठी जास्त पैसे मोजले, ती फक्त प्लगजवळ मिळते. लेक्चर हॉलमध्ये प्लगजवळची जागा मिळवणं काय असतं, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ साली १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. पण मळ्यात लाइट कधी जाईल याचा आजही नेम नाही. शनिवारी एसटीने साक्रीला जायचं, उभ्याने पन्नासेक किलोमीटर, दप्तर पुढे धरून. तिथे एक किलोचा फरक बरोबर कळतो.

खान्देशचा उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ डिग्री म्हणजे रोजचंच. खोलीच तापलेली असेल तर पंखा थंड हवा आणणार कुठून? चिप तापली की स्वतःहून वेग कमी करते. हलक्या मशीनला हा दम लवकर लागतो. पहिली काही मिनिटं जोरात, मग धापा. दणकट तग धरतो, पण पंख्याचा आवाज असा की रूममेट उशी फेकून मारतो. कुठलाही घ्या, गादीवर ठेवून वापरू नका. खालची जाळी झाकली जाते. एक पाट किंवा जाड वही पुरते.

भाड्याचा ट्रॅक्टर

हे सगळं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, बागेत रोज चालायला छोटा ट्रॅक्टर बरा. खोल नांगरटी वर्षातून एकदा, ती मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून करतो. एका दिवसासाठी मोठा विकत घेतला तर हप्ते कोण फेडणार?

मला उत्तर मिळालं. जड काम रोजचं आहे की कधीमधी? कधीमधी असेल तर कॉलेजची लॅब आहे. मशीन लर्निंगसाठी गुगल कोलॅबवर ग्राफिक्स कार्ड मर्यादित वेळ फुकट वापरता येतं. पण भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघावी लागते, तशी इथेही. सबमिशनच्या आठवड्यात लॅबमध्ये नंबर लागत नाही, आणि कोलॅबला नेट हवंच.

मग कोणी काय घ्यावं?

कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं बरंचसं काम हलक्यावर भागतं. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी आधी सीनियरला विचारावं. सॉलिडवर्क्समध्ये मोठ्या असेंब्ली, अ‍ॅन्सिस किंवा थ्रीडी रेंडरिंग रोज करायचं असेल तर दणकट घ्या, खुशाल घ्या. आणि सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, तेव्हा मॅक घेण्याआधी दहादा विचार करा. ठरत नसेल तर आठवडाभर लॅबच्या पीसीवर आपलं काम करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवा. रॅम किती भरते, ग्राफिक्स कार्ड खरंच हलतं का, ते तिथेच दिसतं.

मी मेकॅनिकलचा असूनही १.४ किलोचा, १६ जीबीचा घेतला. थर्ड इयरला एका अ‍ॅनालिसिसने रात्रभर रडवलं, हे कबूल. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सर येण्याआधी जाऊन बसलो, तेव्हा जमलं. रूममेटने दणकट घेतला, कारण तो रोज रेंडरिंग करतो. तोही चुकलेला नाही. फक्त शनिवारच्या एसटीत तो माझ्याकडे जरा हेव्याने बघतो, आणि सबमिशनच्या रात्री मी त्याच्याकडे!

तेव्हा दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहा, कशाला लागतो. मग बघा, निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.