विडाल पॉझिटिव्ह? जरा थांबा!

मी मूळची शिरपूरची. आमच्याकडे टायफॉइडला जुनी माणसं अजूनही ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. शहरात हाच ताप ऑफिसातून सिक लीव्ह घेऊन येतो. ‘विडाल पॉझिटिव्ह’ एवढा एसएमएस पुरतो आणि बॉसही मान डोलावतो!

पण गंमत ऐका. विडाल टेस्ट १८९६ सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. जुना संसर्ग किंवा दुसराच एखादा ताप असला, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट खरा टायफॉइड असूनही पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येते. म्हणजे एका विडालवर विसंबलात, तर मलेरिया किंवा डेंग्यू नजरेतून निसटू शकतो.

टायफॉइडचा जंतू साल्मोनेला टायफी, तर पॅराटायफॉइडचा त्याचाच चुलतभाऊ पॅराटायफी. चढत जाणारा ताप, डोकेदुखी, मेलेली भूक... नुसत्या लक्षणांवरून दोघं वेगळे ओळखता येत नाहीत. दोघांचा रस्ताही एकच. रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात किंवा न धुतलेल्या हातांवर आणि तिथून थेट आपल्या ताटात! ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो. त्यामुळे कालच्या पाणीपुरीला शिव्या देऊ नका, पंधरवड्यापूर्वीची आठवा.

मग पक्कं निदान कसं? ब्लड कल्चर. रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यायचं आणि रिपोर्टसाठी काही दिवस थांबायचं. तेही दहापैकी साधारण सहाच रुग्ण पकडतं. पण जंतू सापडला, तर कोणतं औषध चालेल तेही कळतं. हे महत्त्वाचं, कारण एकेकाळी हमखास लागू पडणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आज आपल्याकडचे बरेच जंतू दाद देत नाहीत. उपचार चुकले, तर तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोकही पडू शकतं.

लस आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस दिली. सरकारी मोहिमेत ती वापरण्याची जगातली ही पहिलीच वेळ. मात्र पॅराटायफॉइडपासून ती वाचवत नाही. म्हणून उकळलेलं पाणी आणि साबणाने धुतलेले हात यांना पर्याय नाही.

ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, तर मित्राच्या ड्रॉवरमधली उरलेली गोळी नको. डॉक्टरांकडे जा आणि बिनधास्त विचारा, ‘गोळ्या सुरू करण्याआधी कल्चर करायचं का?’