दोन वाजता बाजार उठला!

२४ डिसेंबर, दुपारचे सव्वादोन. न्यूरेंबर्गच्या हाउप्टमार्क्ट चौकात आम्ही चौघं धापा टाकत पोहोचलो, तर समोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे स्टॉल एकेक करून बंद होत होते. जो ख्रिसमस बाजार बघायला जगभरातून लोक येतात, तो ख्रिसमसच्या आदल्या दिवशी दुपारी २ वाजता उठतो! वेबसाइटवर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं म्हणे. पण वाचतंय कोण?

आम्ही चौघं पुण्यातल्या एकाच कॉलेजचे. फर्स्ट इयरपासून एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारतो. नागपूरकर न्यूरेंबर्गला नोकरी करतो, नाशिककर आखेनला शिकते, मी ड्रेस्डेनला आणि सोलापूरकर वर उत्तरेकडे. जर्मनीत येऊन दीड वर्ष झालं, तरी चौघं एकत्र भेटलोच नव्हतो. दर वेळी प्लॅन ठरायचा आणि सोलापूरकर ‘सबमिशन आहे रे’ म्हणून टांग द्यायचा. या नाताळला मात्र नागपूरकरने त्याचं तिकीटच काढून पाठवलं. आधी ड्रेस्डेन, मग न्यूरेंबर्ग असं ठरलं.

ड्रेस्डेनचा स्ट्रिट्सेलमार्क्ट हा जर्मनीतल्या सगळ्यात जुन्या ख्रिसमस बाजारांपैकी एक. १४३४ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो फक्त एका दिवसाचा मांसाचा बाजार होता. आता ॲडव्हेंटचे जवळपास चार आठवडे चालतो. संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो आणि अख्खा चौक दिव्यांनी भरून जातो. लाकडी खेळणी, तोंडातून धूर सोडणारे लाकडी बाहुले, कागदी तारे आणि या सगळ्यावर साखरेत परतलेल्या गरम बदामांचा वास. डोळे मिटले तर थेट गावची जत्रा.

‘स्ट्रिट्सेल’ हे स्टोलन नावाच्या केकचं जुनं नाव. बेदाणे, बदाम आणि भरपूर लोणी घातलेला, वरून पिठीसाखरेने पांढराशुभ्र झालेला हा लांबट केक. पण एके काळी तो अगदीच बेचव होता. ॲडव्हेंट म्हणजे उपवासाचा काळ आणि उपवासाला लोणी चालत नसे, म्हणून तो तेलात करायचे. शेवटी सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी थेट पोपकडे अर्ज केला आणि १४९१ मध्ये लोण्याला परवानगी मिळाली. हे ऐकून नाशिककर म्हणाली, “आमच्याकडे उपवासाला कोथिंबीर चालते का, यावर आजी आणि आईचं अजून ठरलेलं नाही. पोपलाच विचारायला हवं!”

नाशिककर पक्की शाकाहारी. तिला भीती होती की चार दिवस नुसता ब्रेड खावा लागणार. पण चीज आणि मशरूम भरलेला गरमागरम हांडब्रोट मिळाला, बटाट्याच्या किसाचे थालीपिठासारखे कुरकुरीत काप मिळाले (त्याबरोबर सफरचंदाचा गोड गर खातात, पहिल्या घासाला विचित्र लागतं, तिसऱ्याला सवय होते) आणि दह्याच्या चक्क्यासारख्या क्वार्कचे तळलेले गोड वडेही मिळाले. प्यायला दालचिनी, लवंग घातलेली गरम वाइन, म्हणजे ग्लूवाइन. नको असेल तर तशाच मसाल्यातला बिनदारूचा पुन्श.

इथली एक गंमत म्हणजे पेय चिनीमातीच्या कपात मिळतं आणि कपाचं डिपॉझिट आधीच घेतात. कप परत केला की पैसे परत, नाही केला तर कप तुमचा. नागपूरकरने लगेच आठवण म्हणून बॅगेत टाकला. सोलापूरकरने आपला कप पुसला आणि काउंटरवर नेऊन दिला. “घे की, रोज चहा पिशील,” मी म्हटलं. “नको. परत जाताना उगाच सामान वाढतं,” तो म्हणाला. मला वाटलं, हॉस्टेलवर परत जाताना.

दोन दिवसांत लक्षात आलं की इथे खरेदी हे निमित्त असतं. बसायला खुर्च्या नसतात, उंच टेबलांभोवती लोक उभे राहतात. ऑफिस सुटलं की येतात, कप दोन्ही हातांनी धरतात आणि बोलत राहतात. थंडी एवढी, की कप संपेपर्यंत तरी जवळजवळ उभं राहावंच लागतं. आपल्याकडे टपरीवर कटिंग घेताना होतं, तसंच.

२३ तारखेला गाड्या बदलत, उशीर होत होत न्यूरेंबर्गला पोहोचलो, तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. बाजार बंद. ‘उद्या सकाळी जाऊ’ म्हणत नागपूरकरच्या एका खोलीत अंथरुणं टाकली. दिवे बंद झाल्यावर सोलापूरकर अंधारातच बोलला, “एका विषयात दोनदा नापास झालोय. फेब्रुवारीत तिसरा अटेम्प्ट. तो गेला की ॲडमिशन रद्द.”

कुणी काही बोललं नाही. त्याच्या वडिलांनी घरावर कर्ज काढलंय, हे आम्हाला माहीत होतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला येणाऱ्या ९९२ युरोंचा तो पैशापैशाचा हिशेब ठेवतो, हेही माहीत होतं. नापास झाल्याचं तेवढं आठ महिने माहीत नव्हतं. दिवा लावला. पहाटे चारपर्यंत चहा, रडणं, शिव्या आणि शेवटी हसणं. उठलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बाजार चुकला तो असा.

बंद होत जाणाऱ्या चौकात नागपूरकरने फ्राउएनकिर्शं चर्चचा सज्जा दाखवला. इथल्या बाजाराचं उद्घाटन या सज्जातून ‘क्रिस्टकिंड’ करते. सोनेरी कुरळे केस, डोक्यावर मुकुट घालून शहरातलीच एक तरुण मुलगी दोन वर्षांसाठी ही भूमिका करते. २०१९ मध्ये बेनिग्ना मुन्सी ही १७ वर्षांची मुलगी निवडली गेली. तिचे वडील भारतीय. एका पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या दिसण्यावरून खवचट पोस्ट टाकली, त्यावर देशभरातून टीका झाली आणि पोस्ट काढावी लागली. ती मात्र ठरल्याप्रमाणे या सज्जात उभी राहिली आणि तिने बाजार सुरू केला. सोलापूरकर बराच वेळ वर बघत होता.

पोटात कावळे ओरडत होते. सुपरमार्केटही दुपारीच बंद झालेलं. (इथे यायच्या तयारीत असाल तर लिहून ठेवा: २४ ला दुपारनंतर दुकानं बंद, २५ आणि २६ ला पूर्ण सुट्टी. किराणा २३ लाच भरायचा.) नागपूरकरच्या घरी दोन किलो बटाटे, कांदे, तांदूळ आणि आईने दिलेला मिसळणाचा डबा एवढंच निघालं. मोहरी, हिंग, हळदीची फोडणी पडली आणि खोलीला घराचा वास आला. बाहेर रस्ता सुनसान, समोरच्या प्रत्येक खिडकीत मात्र दिवा.

“आपला ख्रिसमस बटाट्याच्या भाजीवर!” मी कुरकुरले. नागपूरकर हसला. “अगं, माझ्या ऑफिसमधल्या निम्म्या लोकांकडे आज रात्री हेच असतं. बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज.” खरंच, कित्येक जर्मन घरांत २४ च्या रात्री हा साधाच बेत असतो. म्हणजे महिनाभर बाजारात गर्दी, झगमगाट आणि मुख्य रात्री दार लावून आपल्या माणसांसोबत बटाटे.

२५ आणि २६ ला सगळं शहर बंद होतं. नाशिककरने तोच विषय मागच्या सेमिस्टरला काढलाय. तिने सोलापूरकरला टेबलापाशी बसवलं. “दोन दिवस कुठे जाता येणार नाही, काही विकत घेता येणार नाही. अभ्यासाला यापेक्षा चांगली सुट्टी कुठली?” आम्ही दोघं चहा पुरवत राहिलो. तिसऱ्या चॅप्टरनंतर त्याने घरी फोन लावला आणि वडिलांना सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग विचारलं, “जेवलास का?”

२७ ला स्टेशनवर निघताना सोलापूरकर बॅग भरता भरता थांबला. नागपूरकरचा ड्रेस्डेनचा कप हातात घेऊन म्हणाला, “हा मी नेऊ का? रात्री अभ्यासाला बसलो की चहा लागेल.”

पेपर फेब्रुवारीत आहे. रोज रात्री दहाला आमचा ग्रुप कॉल असतो.