सदा भरलेली टाकी

इटलीत पुष्कळ कुटुंबे आपल्यापुरती वाईन घरीच करतात. त्यांची पोलादी टाकी मोठी गमतीची असते. तिचे झाकण काठावर बसत नाही. ते आतल्या वाईनवर टेकते आणि पातळी उतरेल तसे खाली सरकवता येते. म्हणून तिचे नावच ‘सेंप्रे प्येनो’, म्हणजे ‘सदा भरलेली’.

अशी टाकी जुनी घेतली तर पोलाद बहुधा शाबूत असते. दगा देते ते रबर. झाकणाच्या कडेभोवती सायकलच्या ट्यूबसारखी नळी असते. हातपंपाने ती फुगवली की फट बुजते. नवी नळी घेताना टाकीत किती लिटर मावतात हे पाहून भागत नाही. झाकणाचा व्यास आणि खाचेची रुंदी मोजावी लागते. तोटीचे वायसर नि झाकणावरची झडपही तपासावी. मग टाकीत पाणी भरून, नळी फुगवून रात्रभर ठेवावी. सकाळी नळी मऊ लागली, तर हवा कुठेतरी निसटते आहे हे नक्की.

एवढा खटाटोप कशाला? हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो मिळाला की सूक्ष्म जंतू वाईनचा शिरका करतात, हे लुई पाश्चरने १८६४ साली दाखवून दिले. वर्षाची मेहनत राखायची ती या बोटभर जाडीच्या रबराने!