शपथ नको, आजचा दिवस हवा

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. देवाजवळ दिवा लागतो, मुलं शुभंकरोति म्हणून अभ्यासाला बसतात, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. नेमक्या याच वेळी, नुकतीच दारू सोडलेल्या माणसाचा जीव घरात रमेनासा होतो. दिवसभर कामाच्या गडबडीत काही जाणवलेलं नसतं. पण तिन्हीसांजा झाल्या की शरीराला जुनी वेळ आठवते. ‘जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो’ हे वाक्य ओठांवर येतं. बायको हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघते. कुणीच काही बोलत नाही.

ज्या घरात ही वेळ रोज येते, त्या घराला ती काही मिनिटं किती लांब असतात ते ठाऊक असतं. त्या मिनिटांत प्रार्थना आणि ध्यान काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, ते आज समजून घेऊ या. व्यसन बाईलाही लागतं. लेखात ‘तो’ म्हटलं असलं, तरी सगळं तिलाही तितकंच लागू आहे.

अशी घरं थोडी नाहीत. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशभराची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकापर्यंत काही ना काही उपचार पोहोचतात. बाकीच्या घरांत बहुधा एकच उपाय ठाऊक असतो, तो म्हणजे शपथ.

मुलाच्या डोक्यावर हात

रात्री गोंधळ होतो, सकाळी पश्चात्ताप होतो. आई त्याला देवापुढे उभं करते. कधी मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. ‘आजपासून आयुष्यात थेंबाला शिवणार नाही,’ असं तो म्हणतो. त्या क्षणी तो खोटं बोलत नसतो, अगदी मनापासून बोलत असतो.

तीन आठवडे बरे जातात. मग कुणाची तरी हळद असते, जुने मित्र भेटतात आणि एक पेला पोटात जातो. शपथ मोडते. आता शरीराच्या ओढीवर अपराधाचं ओझंही चढतं. मुलाच्या तोंडाकडे बघवत नाही. ‘मोडलीच आहे, तर आता काय राहिलं?’ म्हणत दुसरा पेला, तिसरा पेला, आणि मग सगळा महिनाच दारूत जातो.

अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात शिकवणारे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी दारू सोडून पुन्हा तिच्याकडे वळणाऱ्या माणसांचा अनेक वर्षं अभ्यास केला. पहिल्या पेल्यानंतर येणारी ‘मी नालायकच, आता सगळं संपलं’ ही भावना माणसाला पुन्हा खोल खड्ड्यात ढकलते, हे त्यांनी मांडलं.

या सगळ्यात आणखी एक जीव भरडला जातो. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला होता, तो मुलगा. बाबा प्यायले म्हणजे आता आपल्याला काहीतरी होणार, या भीतीने तो रात्री जागा राहतो. म्हणून घरच्यांना पहिली विनंती ही, की मुलांना शपथेत ओढू नका.

मग माळ घालून दारू सोडलेले वारकरी नाहीत का? आहेत, गावोगाव आहेत. पण त्यांना नीट विचारून पाहा. माळेबरोबर रोजचा हरिपाठ आला, एकादशी आली, भजनाची मंडळी आली, वर्षाची वारी आली. संध्याकाळ भरून निघाली आणि न पिणाऱ्यांची संगत मिळाली. शपथ एका दिवसात घेऊन होते. माळ रोज जगावी लागते.

प्रार्थनेचं बळही याच रोजच्या उजळणीत आहे. शपथेत माणूस सगळ्या आयुष्याची हमी देतो आणि तिच्या वजनाखाली दबतो. प्रार्थनेत तो फक्त आजच्या दिवसापुरती मदत मागतो. ‘मी बघतो, माझ्या हातात आहे’ असं म्हणत ज्याने वर्षं घालवली, त्याच्या तोंडून ‘मला एकट्याला जमत नाही’ हे शब्द निघणं हीच मोठी गोष्ट असते.

आधी डॉक्टर

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने केवळ देवावर भरवसा ठेवून एका दिवसात दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ असते. ‘अंगात आलं’ किंवा ‘बाहेरचं काही आहे’ म्हणून अंगारा लावत बसण्याची नाही.

डॉक्टर हे दिवस औषधांनी सुरक्षितपणे पार करून देतात. बरीच वर्षं दारू पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी झालेलं असतं, तेही भरून काढतात. पुढे दारूची ओढ कमी करणारी औषधं मिळतात. ‘ध्यान सुरू केलंय ना, मग गोळ्या कशाला?’ असं कुणी सांगितलं, मग तो कितीही मोठा महाराज असो, तर त्याचं ऐकू नका. आणि ‘न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल’ अशा जाहिरातींच्या पुड्यांपासून दूर राहा. दारूशी न जुळणारं औषध नकळत पोटात गेलं आणि वर तो प्यायला, तर जीव धोक्यात येतो.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे औषधं आहेत, गटातल्या गप्पा आहेत, कुटुंबाशी बोलणं आहे आणि त्यांच्या जोडीला योग-ध्यानही आहे. यातलं एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

हॉटेलातला तो फोन

प्रार्थना आणि ध्यान यांना दारूमुक्तीच्या वाटेवर जगभर जागा मिळाली ती अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेमुळे. तिची सुरुवात समजून घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे शेअर बाजारात काम करणारे गृहस्थ दारूपायी कंगाल झाले होते. डिसेंबर १९३४ मध्ये ते रुग्णालयात दाखल झाले. तिथे उपचार चालू असतानाच त्यांना एक खोल आध्यात्मिक अनुभव आला आणि दारू थांबली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पाचच महिन्यांनी, मे १९३५ मध्ये, ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी त्यांचं कामाचं बोलणं फिसकटलं. हॉटेलात ते एकटे, खिशात पैसे बेताचे आणि समोर बार. एवढा मोठा अनुभव येऊनही ओढ पुन्हा उठलीच. तेव्हा त्यांनी बारकडे न जाता फोन गाठला. गावातल्या चर्चच्या लोकांना फोन लावत ते आपल्यासारखाच दारूशी झगडणारा माणूस शोधू लागले. त्यातून त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांशी पडली. डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला घेतला तो दिवस १० जून १९३५, आणि तोच एएचा स्थापना दिवस मानतात.

यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं, की देवाजवळ बसणं आणि माणसाला फोन करणं ही दोन वेगळी कामं नाहीत. एएच्या बारा पायऱ्यांपैकी अकरावी पायरी प्रार्थना आणि ध्यानाची आहे. तिच्या आधी आपल्या चुका मान्य करणं आणि दुखावलेल्यांची भरपाई करणं आहे, तर तिच्यानंतर दुसऱ्या व्यसनी माणसाला मदत करणं आहे. आपल्याकडेही अनेक शहरांत या सभा भरतात. त्यांना फी नसते आणि तिथे आडनाव कुणी विचारत नाही.

लाट येते, लाट जाते

प्रार्थनेत आपण बोलतो, ध्यानात बघतो. काय बघायचं? ती ओढच.

मार्लाट स्वतः ध्यान करत. दारूची ओढ ही समुद्राच्या लाटेसारखी असते, असं ते शिकवत. ती उठते, फुगते आणि पेला दिला नाही तर ओसरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आतच तिचा जोर उतरतो. पण लाट चढत असताना ती कायमच चढत राहणार असं वाटतं, आणि तिथेच माणूस हार मानतो. बौद्ध परंपरेतल्या विपश्यनेचा, म्हणजे इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे आपल्याला परिचित असलेल्या साधनेचा, त्यांच्या कामावर मोठा प्रभाव होता.

त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २८६ व्यसनमुक्त होऊ पाहणाऱ्यांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर पाहिलं, तेव्हा ध्यानावर आधारित प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नशेच्या दिवसांची संख्या इतर गटांपेक्षा कमी होती. मात्र या सर्वांचे सुरुवातीचे उपचार आधी पूर्ण झालेले होते, हे विसरायचं नाही.

रोजचा क्रम

सकाळी चहाआधी, मोबाइल हातात घेण्याआधी दोन मिनिटं. हात जोडा किंवा नुसते बसा. मागणं एकच असावं: आज न पिता झोपायला जाण्याची ताकद मिळू दे. उद्याचं उद्या मागायचं.

संध्याकाळी, ओढ येते त्याच्या अर्धा तास आधी काहीतरी खाऊन घ्या. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चौघं ओढीचे जुने सोबती आहेत. मग पाठ ताठ ठेवून दहा मिनिटं बसा. श्वास येताना-जाताना नाकपुडीशी जाणवतो, तिथे लक्ष ठेवा. ओढ आलीच तर ती शरीरात कुठे आहे ते शोधा. घसा कोरडा पडलाय? छाती आवळली? जबडा घट्ट झालाय? हे मनात नोंदवा आणि पुन्हा श्वासाकडे या. ओढीशी भांडू नका आणि तिला आमंत्रणही देऊ नका.

सुरुवातीच्या आठवड्यांत डोळे मिटले की जुन्या आठवणी, लाज, भीती उसळून येऊ शकतात. तसं झालं तर डोळे उघडे ठेवा, दिव्याकडे बघा किंवा पावलं मोजत चाला. तीन मिनिटंही पुष्कळ झाली. त्रास वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा. दहा दिवसांच्या मोठ्या शिबिरांची घाई या काळात नको.

रात्री झोपण्याआधी दिवसभरात कुणावर ओरडलो, काय लपवलं, काय चांगलं झालं, एवढं आठवायचं. चूक झाली असेल तर उद्या कुणाची माफी मागायची ते ठरवायचं आणि झोपायचं.

देव मानत नसाल तरी अडचण नाही. एएमध्येही प्रत्येकाने आपल्याला समजेल त्या शक्तीचा आधार घ्यावा असं आहे. काहींना तो सभेतल्या माणसांत मिळतो, काहींना निसर्गात. ‘माझ्यापेक्षा मोठं काहीतरी आहे आणि मी एकटा नाही’ एवढी जाणीव पुरते.

घरच्यांनी काय करावं?

तो बसला असेल तर बसू द्या. टीव्हीचा आवाज कमी करा. ‘आता बरा देव आठवला!’ हे वाक्य गिळून टाका. बळजबरीने बसवू नका आणि चोरून पहाराही देऊ नका. घरातली औषधंही एकदा तपासा. काही आसवं-अरिष्टांमध्ये मद्यार्क असतो, तेव्हा वैद्यांना व्यसनाची कल्पना द्या.

आणि स्वतःसाठीही दहा मिनिटं काढा. वर्षानुवर्षं त्याच्या पावलांचा आवाज ऐकत बसलेल्या बाईच्या मनालाही उपचार लागतात. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी सरकारचा १४४४६ आणि मनावरच्या ताणासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. मारहाण होत असेल, तर मात्र प्रार्थना करत थांबू नका. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या.

पाय घसरला तर?

घसरू शकतो. मधुमेहात साखर वाढते तसाच हा आजारही अधूनमधून उसळतो. त्या दिवशी डॉक्टरांना कळवा, सभेतल्या मित्राला फोन करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच बसा. कालची प्रार्थना वाया गेली नाही. ती कालपुरतीच होती, आज नवी करायची आहे.

पुन्हा सात वाजतील, पुन्हा दिवा लागेल. ‘जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो’ हे वाक्य पुन्हा ओठांवर येईल. त्याऐवजी एवढंच म्हणून बघा, ‘मला जरा त्रास होतोय. दहा मिनिटं माझ्याजवळ बसशील?’ ही प्रार्थनाच आहे, आणि ती ऐकणारं माणूस समोरच आहे.