बर्ड फ्लू : विषाणूच्या वाटा ओळखू या

कारणावाचून दुःख उद्भवत नाही, ही तथागतांची शिकवण. रोगालाही हाच नियम लागू आहे. म्हणून अफवांच्या मागे न लागता बर्ड फ्लूचे कारण समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

हा मूळचा पक्ष्यांचा रोग. त्याचा विषाणू पेशीवरील एका विशिष्ट शर्करेला चिकटून आत शिरतो. सस्तन प्राण्यांत ही शर्करा निरनिराळ्या अवयवांत असते. म्हणून विषाणूच्या वाटाही अनेक आहेत.

पहिली वाट श्वासाची. माणसाच्या फुप्फुसात ही शर्करा खोलवर असते. त्यामुळे लागण सहजी होत नाही. झाली तर जिवावर बेतते. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना लागण झाली, त्यांतील ६ जण दगावले.

दुसरी वाट तोंडाची. २००४ साली थायलंडमध्ये कच्च्या कोंबड्या खाऊन वाघ मेले. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने गेले.

तिसरी वाट कासेची. २०२४ साली अमेरिकेत गाईंच्या कासेत विषाणू वाढला, दुधात उतरला. ते कच्चे दूध पिऊन मांजरे मेली. गोठ्यातील मजुरांचे डोळे लाल झाले. डोळा ही चौथी वाट.

वाट कळली की उपायही कळतो. दूध उकळूनच प्यावे. मांस व अंडी पूर्ण शिजवावीत. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. विद्यार्थी मित्रांनो, कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या घराघरांत हे सांगा. जाणून घेणे आणि जपणे, हीच खरी करुणा होय.